पश्चिमोत्तानासनात पाठीवर दाब देणं थांबवायला हवं

उपवन_पहाट | ६ जुलै, सकाळी ८:०५

ठाण्यात आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या सोसायटीत सकाळचा योगवर्ग असतो. क्लबहाऊसमध्ये, गच्चीवर, नाहीतर पार्किंगशेजारच्या मोकळ्या जागेत. सव्वासहा ते सव्वासात, पंधरा-वीस माणसं. अशा वर्गांत एक गोष्ट हमखास दिसते. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, कुणाचे हात पायाच्या अंगठ्यांपर्यंत पोचले नाहीत, की शिकवणारे मागून येतात, पाठीवर दोन्ही तळवे टेकवतात आणि 'सोडा श्वास, सोडा' म्हणत खाली दाबतात.

हे थांबवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की पाय लांब करून बसताक्षणीच कंबर मागे कलंडते, माणूस माकडहाडावर बसतो. खुब्यातून वाकायला जागाच उरलेली नसते. मग वरून दिलेला सगळा दाब कमरेच्या खालच्या दोन-तीन मणक्यांत जातो. तिथल्या गादीची पुढची बाजू चेपते, मागची फुगते, आणि पायात उतरणाऱ्या नसा नेमक्या मागेच असतात. दाबणाऱ्याच्या तळव्याला 'पाठ खाली गेली' एवढंच जाणवतं. ती खुब्यातून गेली की कमरेतून, हे हाताला कळत नाही.

त्याऐवजी घट्ट विणीच्या चादरीची आठ-दहा सेंटीमीटर उंच घडी करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे बैठकीची हाडं घडीवर आणि मांड्या उताराला. गुडघे वाकवा, इतके की पोट मांड्यांना टेकेल. तळपायांभोवती टॉवेल घालून त्याची टोकं धरा, कोपरं सैल. आता पोट मांडीवरून न सोडता टाचा एकेक इंच पुढे सरकवा. पोट सुटायला लागलं की थांबायचं. त्या दिवसाचं पश्चिमोत्तानासन तेवढंच. कपाळ गुडघ्याला लागलं का ते बघू नका, बेंबी पुढे गेली का ते बघा.

आता प्रश्न. वर्गात २६ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांचे आजोबा शेजारीशेजारी असतात. कुणाला रक्तदाब, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. एका तासात, एकट्या शिक्षकाने हे सगळं कसं सांभाळायचं?

फिजिओ_ऐरोली | ६ जुलै, सकाळी ९:४०

पूर्ण सहमत. एक भर घालते. ताण 'किती' येतोय हे नंतर विचारा, आधी 'कुठे' येतोय ते विचारा.

मांडीच्या मागे, मधोमध, पसरट ताण आला तर स्नायू ताणला जातोय, ठीक आहे. अगदी बसायच्या हाडापाशी, बोट ठेवून दाखवता येईल असं टोचत असेल तर तिथे स्नायूचं मूळ हाडाला चिकटलेलं असतं, ते दुखावतंय. हे दुखणं महिनोन्‌महिने टिकतं आणि ताणल्याने बरं होत नाही, वाढतं. ज्यांची लवचिकता चांगली आहे त्यांनाच हा त्रास जास्त होतो, कारण ती माणसं रोज शेवटच्या टोकापर्यंत जातात.

तिसरा प्रकार म्हणजे गुडघ्यामागे किंवा पोटरीत तारेसारखी बारीक कळ, मुंग्या. इथे एक सोपी तपासणी आहे. वाकलेल्या स्थितीतच हनुवटी वर उचला, नाहीतर ताठ धरलेलं पाऊल सैल सोडा. कळ लगेच कमी झाली तर नस ताणली जातेय. मान उचलल्याने मांडीच्या स्नायूची लांबी बदलत नाही ना! नस ताणून धरून ठेवायची नसते. गुडघे वाकवून मोकळं व्हा, आणि रोजच असं होत असेल तर तपासून घ्या.

जुनी_सतरंजी | ६ जुलै, दुपारी १:१५

ढकलू नये हे मान्य. पण या निमित्ताने दुसऱ्या टोकाला जायला नको. उशी घ्या, पट्टा घ्या, खुर्ची घ्या, असं म्हणत म्हणत आसन बाजूला राहतं आणि सामानाची मांडामांड उरते. शरीराला थोडं कष्टवल्याशिवाय ते बदलत नाही. आपल्याकडे पूर्वी एका सतरंजीवर सगळं व्हायचं. हात लावून दिशा दाखवणं ही शिकवण्याची जुनी पद्धत आहे, तिला सरसकट नावं ठेवू नयेत.

मासुंदा | ६ जुलै, दुपारी २:५०

सतरंजीकाका, कष्टाबद्दल वाद नाही. पण आधार घेणं ही काही परवाची फॅशन नाही. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी विटा (विटेच्या आकाराचे ठोकळे), पट्टे, लोड, खुर्च्या आणि भिंतीतल्या दोऱ्या यांची अख्खी पद्धत बसवली. त्यांची संस्था १९७५ साली सुरू झाली आणि ते स्वतः किती कठोर शिक्षक होते हे सगळ्यांना माहीत आहे. आधारामुळे कष्ट कमी होत नाहीत, जिथे व्हायला हवेत तिथे होतात.

त्रिकोणासन घ्या, पाय फाकवून उभं राहून बाजूला वाकायचं. उजव्या बाजूला वाकताना तळहात जमिनीला लावायचाच असं ठरवलं की काय होतं? उजव्या बाजूच्या बरगड्या आखडतात, डावा खांदा पुढे पडतो, छाती जमिनीकडे वळते, आणि पुढचा गुडघा मागच्या बाजूला कचकन ताठ बसतो. आता उजव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला वीट उभी ठेवा, साधारण नऊ इंच. तिच्यावर बोटं टेकवली की दोन्ही बाजूंच्या बरगड्या सारख्या लांब राहतात. मांडी वर खेचलेली ठेवून गुडघा केसभर सैल. मागच्या पायाची टाच दाबून धरली की खरं काम मागच्या पायाला लागतं, आणि ते वीट नसताना लागतच नव्हतं. वीट नसेल तर हात नडगीवर ठेवा. गुडघ्याच्या वाटीवर मात्र कधीच नको, सगळं वजन सांध्यावर आडवं पडतं.

वाशी_खाडीकाठ | ६ जुलै, दुपारी ३:३०

अनुमोदन. आणि पतंजलींच्या योगसूत्रांत 'स्थिरसुखमासनम्'च्या (आसन स्थिर आणि सुखाचं असावं) पुढचंच सूत्र प्रयत्नशैथिल्याचं आहे. कष्ट करायचे, पण शेवटी प्रयत्न सैल सोडता आला पाहिजे. दात आवळून धरलेल्या आसनात ते कसं जमणार?

नेरूळ_पश्चिम | ६ जुलै, सायंकाळी ७:२०

विटा, लोड सगळं विकत घ्यायचं का? घरात चालेल असं सांगा की.

मासुंदा | ६ जुलै, सायंकाळी ७:५५

घरात बरंच काही असतं. जेवायचा लाकडी पाट सुखासनाला उत्तम, वर एक टॉवेल टाका. गुडघे खुब्यांच्या वर राहत असतील तर दोन पाट एकावर एक ठेवू नका, सरकतात. पाटावर चादरीची घडी घ्या. पट्ट्याच्या जागी जुनी सुती ओढणी किंवा पंचा चालतो. ताणणारं कापड नको, कारण हात ओढले जातायत की कापड ताणतंय हे कळत नाही. लोड नसेल तर दोन चादरी घट्ट गुंडाळून तीन जागी बांधा. विटेऐवजी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं एकत्र करून चिकटपट्टीने पक्की बांधता येतात.

स्टीलचे डबे अजिबात नकोत. फरशीवर घसरतात. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला हरकत नाही, पण हाताचा भार टाकू नका, तिचे पाय फाकतात. भार टाकायला लोखंडी घडीची खुर्ची, पाठ भिंतीला टेकवून. ऑफिसची चाकांची खुर्ची तर नकोच नको.

आणि सगळ्यात उपयोगी, फुकटातलं साधन म्हणजे भिंत!

पारसिक_टेकडी | ६ जुलै, रात्री ९:१०

फरशीवरून आठवलं. पावसाळ्यात आपल्याकडे हा वेगळाच धोका असतो. गुळगुळीत टाइल्स, त्यात दमट हवा आणि पायाला घाम. सतरंजी टाइल्सवर घसरते. उभ्या आसनांना रबरी पकडीची चार ते सहा मिलिमीटरची मॅट बरी. दहा-बारा मिलिमीटरची जाड फोमची मॅट पाठीवर झोपून करायच्या आसनांना छान, पण वृक्षासनात, म्हणजे एका पायावर उभं राहताना, पाऊल तिच्यात रुततं आणि घोटा डुगडुगत राहतो. तोल सांभाळायच्या आसनांसाठी मॅट सोडून कोरड्या फरशीवर अनवाणी उभे राहा, भिंतीपासून वीतभर अंतरावर.

वृक्षासनात वरचं पाऊल गुडघ्याच्या बाजूला टेकवू नका. गुडघा आडव्या दाबासाठी बनलेला नाही. एकतर गुडघ्याच्या वर, मांडीवर, नाहीतर खाली पोटरीवर. तेही जमत नसेल तर टाच दुसऱ्या घोट्याला टेकवून पायाची बोटं जमिनीवरच राहू द्या. त्यातही तोलाचा अभ्यास पूर्ण होतो.

मॅट जुलैत धुतली तर दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास धरते. ओल्या फडक्याने पुसा, पंख्याखाली दोरीवर टाका, आणि गुंडाळून कपाटात ठेवू नका.

घोडबंदर_प्रवासी | ७ जुलै, सकाळी ६:५०

सूर्यनमस्कारात मनगटं दुखतात. रथसप्तमीला सोसायटीत १०८ घालतात, तेव्हापासून. काय बदलावं?

फिजिओ_ऐरोली | ७ जुलै, सकाळी ८:३०

रोज १२ घालणाऱ्याने एकदम १०८ घातले तर मनगटं आणि खांदे बोलणारच. महिना-दीड महिना आधीपासून आठवड्याला थोडे थोडे वाढवावेत, आणि त्या दिवशीसुद्धा २७-२७ चे चार भाग करून मध्ये थांबावं.

हाताची ठेवण बघा. बहुतेकांचा भार तळव्याच्या मागच्या, करंगळीकडच्या बाजूवर पडतो आणि तर्जनीचं मूळ जमिनीवरून उचललेलं असतं. बोटं पसरवा, तर्जनी आणि अंगठ्याची मुळं दाबा, बोटांच्या टोकांनी जमीन किंचित पकडा. मॅटची कड दोनदा दुमडून तिच्यावर तळव्याचा मागचा भाग ठेवला तर मनगटाचा कोन कमी होतो. तरीही दुखत असेल तर मुठी वळून किंवा भिंतीवर हात ठेवून घाला. बोटांत रात्री मुंग्या येत असतील तर हातांवरचा भार काही दिवस पूर्ण बंद.

खांदा दुखावतो तो मुख्यतः साष्टांगाकडे उतरताना. शरीर खाली आणताना खांदे कोपरांच्या खाली गेले की खांद्याचा गोळा पुढे सरकतो आणि पुढच्या बाजूच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) घासल्या जातात. आधी गुडघे टेका, मग छाती, मग हनुवटी. कोपरं बरगड्यांना चाटून. पुढचं भुजंगासन हातांच्या जोराने उचलू नका. जांघेचं हाड जमिनीत दाबा, तळवे क्षणभर जमिनीवरून सोडून बघा. जेवढी छाती वर राहिली तेवढंच पाठीचं स्वतःचं भुजंगासन. कोपरं ताठ करून वर गेलं की एकाच मणक्यात घडी पडते आणि तिथेच दुखतं.

जुनी_सतरंजी | ७ जुलै, सकाळी १०:०५

हे हात सोडून बघणं चांगलं आहे. आम्ही वर्गात असंच शिकवतो.

वज्रासनाबद्दलही लिहा कुणीतरी. 'जेवणानंतर करायचं एकमेव आसन' म्हणून माणसं गुडघे दुखत असताना अर्धा अर्धा तास बसतात.

वाशी_खाडीकाठ | ७ जुलै, सकाळी ११:४५

वज्रासनात तीन ठिकाणी अडतं. घोट्याची पुढची बाजू ताणली जात असेल तर घोट्यांखाली टॉवेलची वळकटी, पायाची बोटं तिच्यापलीकडे लोंबती. गुडघ्यात आतून चेपल्यासारखं होत असेल तर गुडघ्याच्या मागच्या घडीत दुसरी पातळ वळकटी घालून मग बसा. मांड्यांचा पुढचा भाग आखडलेला असेल तर टाचांच्या मध्ये लोड आडवा घालून त्याच्यावर बसा. एवढं करूनही गुडघ्याच्या आत दुखत असेल तर वज्रासन सोडा, खुर्चीत ताठ बसलं तरी चालतं.

पाय बधिर होऊ लागले की उठायचं, सहन करायचं नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस फार वेळ दबली तर पाऊल वर उचलता येईनासं होतं, चालताना पंजा जमिनीवर आपटतो. हे वज्रासनात फार वेळ बसणाऱ्यांत झालेलं आहे. सुरुवात दोन मिनिटांनी, मग पाच.

पद्मासन तर गुडघ्याचं आसन नाहीच, खुब्याचं आहे. खुब्याच्या खोबणीची खोली आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन प्रत्येकाचा जन्मजात वेगळा. काहींच्या खुब्यात हाडाला हाड लागतं आणि पुढे वळणच संपतं. तिथे पावलाला ओढून मांडीवर चढवलं तर उरलेला पीळ गुडघ्याला बसतो, आतली कूर्चा चिरडते. कसं ओळखायचं? खुर्चीत बसा, एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. नडगी जमिनीला समांतर झाली तर पुढे अर्धपद्मासनाचा विचार करा. गुडघा घोट्याच्या वर राहिला तर साध्या मांडीवर समाधान माना. वर्षानुवर्षं ताणून हाड बदलत नाही.

मासुंदा | ७ जुलै, दुपारी १२:३०

सर्वांगासन (खांद्यांवर उलटं उभं राहणं) आणि शीर्षासन (डोक्यावर) राहिलं. मला सर्वात जास्त काळजी त्यांचीच वाटते, कारण व्हिडिओ बघून घरी करून बघतात.

सर्वांगासन नुसत्या मॅटवर केलं तर मान काटकोनात दुमडते आणि मानेच्या बुडाशी असलेला मोठा मणका जमिनीवर रगडला जातो. तीन-चार चादरींच्या घट्ट घड्या एकावर एक रचून खांदे त्यांवर घ्या. खांद्याची वरची कड घडीच्या कडेपासून दोन बोटं आत. डोकं खाली जमिनीवर. मानेखाली हात सरकवता आला पाहिजे. वर गेल्यावर मान डावीउजवीकडे वळवून बघायचं नाही, कुणी हाक मारली तरी. डोळ्यांत, कानांत दडा बसल्यासारखं झालं किंवा गिळताना अडलं की खाली उतरायचं.

काचबिंदू असलेल्यांनी दोन्ही टाळा. शीर्षासनात डोळ्यातला दाब साधारण दुप्पट होतो, हे मोजून दाखवलेलं आहे. डोळ्याच्या पडद्याचा आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मानेचा स्पॉन्डिलायसिस, यांनाही नको. त्यांच्यासाठी पाय भिंतीवर टेकवून पाठीवर पडणं पुरेसं आहे, कंबर जमिनीवरच. काचबिंदू असेल तर अधोमुख श्वानासनातही (हात-पाय जमिनीवर, कंबर वर, डोकं खाली) जास्त वेळ थांबू नका.

नेरूळ_पश्चिम | ७ जुलै, दुपारी १:०५

हाडं ठिसूळ झालेल्यांचं काय? आईच्या वयाच्या बऱ्याच बायका वर्गात येतात.

फिजिओ_ऐरोली | ७ जुलै, दुपारी २:२०

फार महत्त्वाचा प्रश्न. पाठीचा कणा ठिसूळ असेल तर पुढे गोल वाकणं सर्वात धोक्याचं, कारण मणक्याचा पुढचा भाग चेपून बसतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ साली ५९ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सगळ्यांची पाळी गेलेली, मणके ठिसूळ. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के जणींना मणक्याची नवी झीज-मोड झाली, पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के. गट लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणून हलासन, पश्चिमोत्तानासन, गोल पाठीचं योगमुद्रासन आणि जोर लावून पीळ देणारं मत्स्येंद्रासन त्यांच्या यादीतून काढा. पुढे वाकायचंच तर भिंतीसमोर उभं राहून, हात कमरेच्या उंचीवर भिंतीला टेकवून, पाठ फळीसारखी सरळ ठेवून खुब्यातून मागे जायचं. पालथं झोपून हात शरीराशेजारी ठेवून नुसती छाती दोन इंच उचलणं, भिंतीला धरून वृक्षासन, खुर्चीवरून उठणं-बसणं हे त्यांच्यासाठी सोन्यासारखं. तोल सुधारला की पडणं कमी होतं, आणि खुब्याचं, मनगटाचं हाड मोडतं ते बहुतेकदा पडल्यावरच.

पारसिक_टेकडी | ७ जुलै, दुपारी ४:००

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उत्तानासनातून (उभ्याने पुढे वाकलेल्या स्थितीतून) झटकन उठवू नका, चक्कर येते. हात मांड्यांवर टेकवून अर्ध्यात एक श्वास थांबायचं, डोकं सर्वात शेवटी वर. वीरभद्रासनात हात कमरेवर. आणि श्वास कोंडून धरू नका, दाब त्यानेच चढतो. कपालभाती त्यांना, हर्नियावाल्यांना, गरोदर बायकांना आणि नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना नको.

उपवन_पहाट | ७ जुलै, रात्री ८:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. हे छापून वर्गात लावण्यासारखं आहे. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. अठरा माणसं, एक शिक्षक, साठ मिनिटं. प्रत्येकाला वेगळी घडी, वेगळी वीट कधी देणार?

वाशी_खाडीकाठ | ७ जुलै, रात्री ९:३०

प्रत्येकाला वेगळं द्यायचं नाही. क्रम उलटा करायचा. आपण आधी पूर्ण आसन दाखवतो आणि मग 'ज्यांना जमत नाही त्यांनी' म्हणून सोपं सांगतो. ते ऐकून कुणालाही सोपं घ्यावंसं वाटत नाही, आजोबांना तर मुळीच नाही. त्याऐवजी सगळ्यांना भिंतीचं किंवा गुडघे वाकवलेलं रूप आधी द्या, तीन श्वास. मग सांगा, 'ज्यांचा श्वास नाकातून शांत चाललाय आणि सांध्यात दुखत नाही, त्यांनी टाचा पुढे न्या.' पुन्हा तीन श्वास. मग तिसरी पायरी. जो जिथे थांबला तिथे त्याचं आसन पूर्ण. कुणी मागे पडलं असं दिसतच नाही.

जागाही तशी लावा. भिंतीची रांग, खुर्च्यांची रांग आणि मोकळी रांग. भिंतीच्या रांगेत दोन-तीन तरुणही बसवा, नाहीतर ती 'आजारी रांग' होते. एका तासात आठच आसनं घ्या, सोळा नकोत. पहिल्या दिवशी एका कागदावर सहा गोष्टी लिहून घ्या: रक्तदाब, डोळे, मणका, सांधे, ऑपरेशन, गरोदरपण. तो कागद तीन महिन्यांनी पुन्हा भरून घ्या, बऱ्याच गोष्टी बदललेल्या असतात.

हात लावण्याबद्दल एक साधी खूण ठेवता येते. मॅटच्या उजव्या कोपऱ्यात रुमाल म्हणजे 'मला हात लावू नका'. रोज विचारावं लागत नाही आणि सांगणाऱ्यालाही संकोच होत नाही.

जुनी_सतरंजी | ८ जुलै, सकाळी ६:२५

रुमालाची कल्पना आवडली. पायऱ्यांनी शिकवणंही पटलं. माझं एवढंच राहतं की घडी कायमची नको. महिन्याने एक पदर कमी करून बघायचा. श्वास तसाच शांत राहिला तर तो पदर गेला, नाही राहिला तर परत घ्यायचा. म्हणजे आधारही राहील आणि अभ्यासही पुढे सरकेल.

आणि आठ आसनं घेतलीत तरी शवासनाची सात मिनिटं कापू नका. ऑफिसची घाई असते म्हणून सगळीकडे तेच कापतात. कंबर दुखणाऱ्यांना शवासनात गुडघ्यांखाली लोड द्या. हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली पातळ घडी, कपाळ हनुवटीपेक्षा किंचित उंच येईल इतकीच.

उपवन_पहाट | ८ जुलै, सकाळी ७:४०

पदर कमी करण्याचं लिहून ठेवलं. हॉलची लांब भिंत बावीस फूट आहे, म्हणजे हात पसरून चार जण मावतील. क्लबहाऊसमध्ये लोखंडी घडीच्या खुर्च्या पाच आहेत, पण त्यांच्या पायांची रबरं झिजलीत.

मासुंदा | ८ जुलै, सकाळी ८:१०

रबरं हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळतात, पायाची जाडी मोजून न्या. तोवर चारही पाय एका जुन्या मॅटवर घ्या आणि खुर्चीची पाठ भिंतीला लावा. नुसते पुढचे पाय मॅटवर घेतले तर खुर्ची मागे कलते.